सर्जिकल टेकचा कोर्स करायचाय? कॉलेज निवडताना आधी क्लिनिकल बघा

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याची बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी, लग्नाआधी पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी, आता डॅलसजवळ राहते, एच-4 वर (नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून) आहे आणि ईएडी म्हणजे काम करायचा परवाना हातात आलाय, मुलगी तिसरीत. जवळच्या कम्युनिटी कॉलेजमध्ये सर्जिकल टेक्नॉलॉजीचा कोर्स दिसला. करावा का, या वयात जमेल का, रक्त बघून चक्कर आली तर काय, मास्कच्या आडून माझं इंग्लिश कुणाला कळेल का, आणि त्यापेक्षा सरळ नर्सिंग केलेलं बरं का.

मी ह्यूस्टनमध्ये बरीच वर्षं सर्जिकल टेक म्हणून काम करते आणि आता ओआरमध्ये (ऑपरेटिंग रूममध्ये) येणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकवतेही, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. माझं मत आधीच सांगते. तुमचं शिक्षण बघता पुस्तकाचा भाग तुम्ही आरामात कराल. माणसं अडतात ती क्लिनिकलला, म्हणजे हॉस्पिटलमधल्या प्रत्यक्ष प्रशिक्षणाला. कॉलेज कुठलं घ्यायचं, घरची घडी कशी बसवायची, अभ्यास कसा करायचा, हे सगळं क्लिनिकल डोळ्यासमोर ठेवून ठरवा, बाकीचं त्याच्यामागून येतं.

काम नक्की काय ते आधी बघू, कारण आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं की टेक म्हणजे मशीन चालवणारा. तसं नाही. आपल्याकडे ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जनच्या शेजारी हात धुऊन, गाऊन घालून उभी असते ती स्क्रब सिस्टर, ते काम इथे मुख्यतः सर्जिकल टेक करतो. पेशंट आत यायच्या आधी स्टराइल (निर्जंतुक) टेबल मांडायचं, इन्स्ट्रुमेंट्स तपासायची, सर्जन आणि असिस्टंटला गाऊन-ग्लोव्ह्ज घालायचे, ड्रेपिंगला (पेशंटवर स्टराइल कापडं पसरायला) मदत करायची, मग ऑपरेशन चालू असताना जे हवं ते हवं त्या क्षणी हातात द्यायचं आणि शेवटी सगळं मोजून पेशंटच्या पोटात काही राहिलं नाही याची खात्री करायची. आपण स्टराइल असतो, सर्क्युलेटिंग नर्स स्टराइल नसते, ती बाहेरून सामान देते, नोंदी ठेवते. या दोघींची जोडी जमली की केस सुरळीत जाते.

आता कॉलेज. पहिला प्रश्न फीचा विचारू नका, ॲक्रेडिटेशनचा विचारा. प्रोग्रॅमला काहेप किंवा एबीएचईएस या दोनपैकी एका संस्थेची मान्यता पाहिजे, कॉलेजला असलेली मान्यता वेगळी आणि या प्रोग्रॅमची वेगळी, हे लक्षात ठेवा. कारण सीएसटी म्हणजे सर्टिफाइड सर्जिकल टेक्नॉलॉजिस्टची जी परीक्षा एनबीएसटीएसए घेते तिला बसायला अशा मान्यताप्राप्त प्रोग्रॅममधूनच पास झालेलं असावं लागतं (सैन्यातलं ट्रेनिंग हा वेगळा रस्ता आहे, तो आपल्यासाठी नाही). आणि टेक्ससमध्ये 2009 पासून कायदाच आहे की हॉस्पिटल आणि सर्जरी सेंटरने नव्याने घेतलेल्या टेककडे असं शिक्षण आणि सर्टिफिकेशन पाहिजे, थोडे अपवाद सोडले तर. न्यू जर्सी, न्यू यॉर्क इथेही असे कायदे आहेत. जिथे कायदा नाही तिथेसुद्धा चांगली हॉस्पिटल्स सीएसटीच मागतात. "चार महिन्यांत ऑनलाइन सर्जिकल टेक" अशा जाहिराती दिसतील, त्यांच्या नादी अजिबात लागू नका, पैसे जातील आणि परीक्षेला बसता येणार नाही.

याच कारणामुळे आणखी एक गोष्ट सांगून टाकते, कारण हा प्रश्न मला नेहमी येतो. नाशिकला किंवा सांगलीला ओटी टेक्निशियन म्हणून दहा वर्षं काम केलेलं असलं तरी त्यावर इथे थेट सीएसटी देता येत नाही. तो अनुभव वर्गात खूप कामाला येतो, हात बसलेला असतो, पण प्रोग्रॅम इथला पूर्ण करावाच लागतो.

तुमच्या बाजूला मॅकिनीला कॉलिन कॉलेजमध्ये हा प्रोग्रॅम आहे, आमच्याकडे टेक्सस मेडिकल सेंटरमध्ये ह्यूस्टन कम्युनिटी कॉलेजचा कोलमन कॅम्पस आहे. काहेपच्या प्रोग्रॅममध्ये आता बहुतेक ठिकाणी असोसिएट डिग्री मिळते, म्हणजे प्रीरेक्विझिट (आधी करावे लागणारे विषय) धरून दोन वर्षं समजा. मान्यताप्राप्त प्रोग्रॅमला आपले निकाल जाहीर करावे लागतात, किती मुलं टिकली, किती सीएसटी पास झाली किंवा किती जणांना नोकरी लागली. कॉलेजच्या साइटवर ते आकडे शोधून काढा, सापडले नाहीत तर फोन करून मागा.

आणि मग ॲडव्हायजरला नाही, प्रोग्रॅम डायरेक्टरला भेटून क्लिनिकलबद्दल विचारा. कुठकुठल्या हॉस्पिटलशी करार आहे, माझं क्लिनिकल घरापासून किती लांब पडू शकतं, एका ओआरमध्ये एका वेळी किती विद्यार्थी असतात, दुसऱ्या कॉलेजची मुलंही तिथेच येतात का, ऑर्थो आणि न्यूरो मिळतं का की फक्त लहान सर्जरी सेंटरवर भागवतात, मागच्या बॅचमध्ये कुणाच्या केसेस कमी पडल्या का आणि पडल्या तर काय केलं. शेवटचा प्रश्न जरा अवघडल्यासारखा वाटेल पण विचाराच, चांगला डायरेक्टर सरळ उत्तर देतो.

केसेस कमी पडणं म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण इथेच सगळी गोम आहे. एएसटी म्हणजे सर्जिकल टेक्नॉलॉजिस्टची राष्ट्रीय संघटना, 1969 पासूनची, तिचा एक कोअर करिक्युलम आहे आणि प्रोग्रॅम्स त्याप्रमाणे चालतात. त्यात पास व्हायला किमान 120 केसेस लागतात. त्यातल्या 30 जनरल सर्जरीच्या, ज्यात 20 तुम्ही फर्स्ट स्क्रब म्हणून (म्हणजे काय ते पुढे लिहिते) केलेल्या पाहिजेत. उरलेल्या 90 वेगवेगळ्या स्पेशालिटीजच्या, म्हणजे ऑर्थो, गायनॅक, युरॉलॉजी, ईएनटी, प्लास्टिक, न्यूरो, कार्डिओ वगैरे, आणि त्यात 60 फर्स्ट स्क्रब, शिवाय किमान चार स्पेशालिटीजमध्ये प्रत्येकी दहा तरी फर्स्ट स्क्रब पाहिजेत. एकूण 80 फर्स्ट स्क्रब झाल्या. एंडोस्कोपी आणि नॉर्मल डिलिव्हरी थोड्याच मोजल्या जातात आणि त्याही सेकंड स्क्रबमध्ये.

फर्स्ट स्क्रब म्हणजे नुसतं टेबलाला उभं राहणं नाही. सामान आणि उपकरणं तपासायची, स्टराइल फील्ड तुम्ही मांडायचं, त्यात औषधंही आली, सर्क्युलेटरबरोबर सुरुवातीचा आणि बंद करण्याआधीचा काउंट तुम्ही करायचा, ऑपरेशनभर इन्स्ट्रुमेंट्स तुम्ही द्यायची आणि स्टराइल टेक्निक सांभाळायचं. हे सगळं केलं तरच ती केस फर्स्ट स्क्रबमध्ये धरायची. यातलं एक जरी राहिलं, उदाहरणार्थ टेबल प्रिसेप्टरने (ओआरमध्ये तुम्हाला शिकवणाऱ्या अनुभवी टेकने) आधीच मांडून ठेवलं होतं आणि तुम्ही नंतर स्क्रब झालात, तर ती सेकंड स्क्रब. खूप विद्यार्थी इथे फसतात, दिवसभर तीन-तीन केसेसला उभे राहतात, पाय तुटतात, आणि घरी येऊन लॉग भरताना लक्षात येतं की फर्स्ट स्क्रब एकही नाही.

याचं कारण दर वेळी विद्यार्थ्याचं आळशीपण नसतं. ओआरमध्ये घाई असते, केसेसच्या मधला वेळ कमी करायचं प्रेशर असतं, आणि काही जुन्या टेक्सना वाटतं की विद्यार्थ्याच्या हातात टेबल दिलं की उशीर होणार, मग ते तुम्हाला कोपऱ्यात सक्शनची नळी धरून उभं करतात. आपल्या मराठी मुली तर त्यात आणखी संकोची, कुणाला दुखवायचं नाही म्हणून गप्प राहतात. तर तसं करू नका. सकाळी प्रिसेप्टर भेटला की पहिल्याच मिनिटाला हसून सांगायचं, मला आज हर्नियाला फर्स्ट स्क्रब लागेल, टेबल मी मांडते, तुम्ही बघा आणि चुकलं तर थांबवा. असं नेमकं मागितलं की दहातले आठ जण हो म्हणतात. नाही म्हणाला तर त्याच दिवशी क्लिनिकल इन्स्ट्रक्टरला कळवा, सेमिस्टर संपताना नाही. आणि लॉग रोजच्या रोज भरा, सही त्याच दिवशी घ्या.

ॲडमिशनच्या आधीची कामं तशी सोपी आहेत पण वेळ खातात. ॲनाटॉमी अँड फिजिऑलॉजी, मेडिकल टर्मिनॉलॉजी, इंग्लिश कंपोझिशन हे साधारण सगळीकडे, मायक्रोबायोलॉजी काही ठिकाणी. कुठे टीज नाहीतर हेसी नावाची प्रवेश परीक्षा असते. पुण्याच्या मार्कशीट्स डब्ल्यूईएससारख्या संस्थेकडून कोर्सनिहाय इव्हॅल्युएट करून घ्या, नुसतं डिग्रीचं इव्हॅल्युएशन पुरत नाही, पण फार आशा ठेवू नका, सायन्सचे विषय अमुक वर्षांपेक्षा जुने असले तर बरीच कॉलेजेस धरत नाहीत. ॲनाटॉमी परत करावीच लागली तर मन लावून करा, मला स्वतःला वाटतं की ती इथल्या पद्धतीने परत केलेली बरी, कारण पुढे सर्जन बोलतो तेव्हा ते शब्द कानात बसलेले लागतात.

हेल्थ रेकॉर्ड्समध्ये आपल्या लोकांची एक हमखास अडचण होते ती सांगते. आपल्याला जन्मतः बीसीजी दिलेली असते, त्यामुळे टीबीची स्किन टेस्ट पॉझिटिव्ह येऊ शकते, मग एक्स-रे काढा, पत्र आणा, डेडलाइन उलटून चाललीय असा सगळा घोळ. सुरुवातीलाच रक्ताची टेस्ट मागा, क्वांटिफेरॉन म्हणतात ती, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. हिपॅटायटिस बी चे तीन डोस घ्यायचे तर सहा महिने जातात, आधी घेतलेले असतील तर टायटर (रक्तातल्या अँटीबॉडीची तपासणी) करून बघा. एमएमआर, चिकनपॉक्स, टीडॅप, बीएलएस सीपीआर, बॅकग्राउंड चेक, ड्रग टेस्ट हे नेहमीचं. लहानपणीचं लसीचं कार्ड आईकडे असेल तर आत्ताच फोटो मागवून घ्या.

पहिला लॅबचा सेमिस्टर म्हणजे हात धुणं, गाऊन, ग्लोव्ह्ज, ड्रेपिंग आणि इन्स्ट्रुमेंट्स. क्लोज्ड ग्लोव्हिंग पहिल्या आठवड्यात कुणालाच जमत नाही, हात गाऊनच्या बाहीतून बाहेर न काढता ग्लोव्ह घालायचा असतो, ते शंभर वेळा केल्यावर येतं, त्यामुळे लॅब उघडी असेल तेव्हा जाऊन करत बसा. इन्स्ट्रुमेंट्स फ्लॅशकार्डवर पाठ करणारे परीक्षेत पास होतात आणि ओआरमध्ये गोंधळतात. इन्स्ट्रुमेंट हातात घ्यायचं, डोळे मिटायचे, टोकावरून आणि वजनावरून ओळखायचं, आणि ते कशासाठी आहे ते मोठ्याने म्हणायचं. मेट्झेनबॉम कात्री नाजूक टिश्यूसाठी, तिने धागा कापायचा नाही, धागा कापायला सरळ मेयो कात्री. ॲलिस या पकडीला दात असतात, ती धरलेल्या टिश्यूला इजा करते, आतड्याला बॅबकॉक पकड द्यायची. हे कारण कळलं की यादी पाठ करावी लागत नाही, आणि सर्जन काय करतोय ते बघून त्याने मागायच्या आधी तुमचा हात योग्य गोष्टीकडे जायला लागतो.

देण्याची पण पद्धत असते. नीडल होल्डरमध्ये सुई धरताना धाग्याच्या बाजूने साधारण एक तृतीयांश अंतरावर पकडायची, टोक सर्जनच्या हाताप्रमाणे, डावखुरा असेल तर उलटं. द्यायचं ते असं की त्याला हातात फिरवून घ्यावं लागू नये आणि फील्डवरून नजर हलवावी लागू नये. हातात ठामपणे ठेवायचं, अलगद नाही, म्हणजे त्याला न बघता कळतं की आलं. ब्लेड मात्र बऱ्याच ठिकाणी हातातून हातात देत नाहीत, न्यूट्रल झोन म्हणून एक जागा ठरवतात, तिथे ठेवायचं आणि "शार्प" असं तोंडाने म्हणायचं.

काउंटबद्दल थोडं थांबून लिहिते कारण माझ्या मते या कामाचा तो कणा आहे. लॅप स्पंज (रक्त टिपायचे मोठे कापडी तुकडे) पाच-पाचच्या गठ्ठ्यात येतात, रेटेक (लहान गॉझ) दहा-दहाच्या. गठ्ठा बघून "पाच" म्हणायचं नाही. पट्टी काढायची, एकेक लॅप वेगळा करायचा, त्यातली एक्स-रेवर दिसणारी निळी पट्टी आहे ना ते बघायचं, आणि सर्क्युलेटर आणि तुम्ही दोघींनी डोळ्याने बघत मोठ्याने मोजायचं, मग ती बोर्डावर लिहिते. गठ्ठ्यात चार निघाले तर तो आख्खा गठ्ठा बाजूला काढून खोलीबाहेर द्यायचा, "चालेल, चार लिही" नाही. मध्ये काही वाढवलं तर ते लगेच मोजून लिहायचं. बंद करताना क्रम ठरलेला, आधी जखमेच्या जागेवर काय आहे, मग मेयो स्टँड (पेशंटजवळचं छोटं टेबल), मग बॅक टेबल (मागचं मोठं टेबल), मग फील्डबाहेर टाकलेलं. क्रम रोज तोच ठेवला की दमलेल्या डोक्यालाही काही सुटत नाही. आणि आकडा जुळला नाही तर सर्जन कितीही मोठा असो, कितीही घाईत असो, स्पष्ट आवाजात सांगायचं की काउंट जुळत नाही. मग शोधायचं, कचऱ्यात, ड्रेपच्या घडीत, बुटाखाली, आणि नाहीच सापडलं तर एक्स-रे. नवीन मुलीला हे बोलायला धाडस लागतं, मला माहिती आहे, पण त्या खोलीत हे बोलणं तुमचंच काम आहे.

औषधांचंही तसंच. बॅक टेबलवर तीन वाट्यांमध्ये तीन पाण्यासारख्या गोष्टी असतात, एकात सलाइन, एकात लिडोकेन, एकात हेपरिन सलाइन, दिसायला सगळं एकच. म्हणून औषध फील्डवर आलं की त्याच क्षणी लेबल, नाव, स्ट्रेंग्थ, आणि सर्क्युलेटरने बाटलीवरचं वाचून दाखवायचं, एक्सपायरी सकट. नंतर लावते म्हणून ठेवलेलं लेबल राहून जातं. लेबल नसलेलं काही दिसलं तर ते काय असेल याचा अंदाज करायचा नाही, टाकून द्यायचं.

स्टराइल राहणं हे आपल्या घरांत ज्यांनी आजीचं सोवळं बघितलंय त्यांना पटकन समजतं, कशाला शिवायचं, कशाला नाही, शिवलं तर पुन्हा पहिल्यापासून. फरक इतकाच की इथे त्याला जिवाणूंचं कारण आहे आणि तुमच्या मायक्रोबायोलॉजीमुळे ते तुम्हाला इतरांपेक्षा चांगलं कळेल. गाऊन समोरून छातीपासून टेबलाच्या पातळीपर्यंत आणि बाह्या कोपराच्या दोन इंच वरपर्यंतच स्टराइल धरतात, पाठ नाही, टेबलाच्या कडेखाली लोंबणारं काही नाही. मागच्या एका बॅचमधली एक विद्यार्थिनी, अगदी शांत मुलगी, गुडघ्याच्या केसमध्ये वळताना तिचं कोपर मागच्या सलाइनच्या स्टँडला लागलं. कुणीच बघितलं नव्हतं, मीसुद्धा नाही. ती लगेच हात पुढे न नेता जागेवर थांबली आणि म्हणाली, माझी बाही कंटॅमिनेट झाली. आम्ही तिला बाहेर घेऊन गाऊन-ग्लोव्ह्ज बदलले, दोन मिनिटं गेली. सर्जन फक्त "थँक यू" म्हणाला आणि पुढे गेला. त्या दिवसापासून मी तिला कुठल्याही केसला बिनधास्त टेबल देत होते. इन्स्ट्रुमेंटची नावं उशिरा आली तरी मी शिकवेन, पण कुणी बघत नसताना खरं बोलणं हे मला शिकवता येत नाही, आणि कृत्रिम सांधा बसवताना झालेलं इन्फेक्शन म्हणजे त्या पेशंटचे पुढचे कित्येक महिने.

चक्कर. पहिल्या काही दिवसांत खूप जणांना येते, मोठमोठे धिप्पाड मुलगेही पडतात, त्याचा रक्ताशी कमी आणि उभं राहण्याशी, गरम गाऊनशी, कॉटरीच्या (टिश्यू जाळणाऱ्या यंत्राच्या) वासाशी आणि रिकाम्या पोटाशी जास्त संबंध असतो. गुडघे ताठ धरून उभं राहू नका, अधूनमधून पायावरचा भार बदला, कॉम्प्रेशन मोजे घाला. अंगाला घाम सुटला, कानात आवाज यायला लागला की कुणाची परवानगी न मागता "मला बसायला हवं" म्हणून टेबलापासून मागे सरकायचं आणि सरळ जमिनीवर बसायचं. पुढे पडलात तर फील्ड जातं, मागे बसलात तर काहीच होत नाही, कुणी हसत नाही. आणि क्लिनिकलच्या दिवशी चतुर्थी असो की एकादशी, पोटभर खाऊन जा. उपासच करायचा असेल तर पहाटे साबुदाण्याची खिचडी तरी खा, एकदा स्क्रब झालात की पाणीसुद्धा कधी मिळेल सांगता येत नाही. बांगड्या, अंगठ्या, मंगळसूत्र हे सगळं लॉकरमध्ये किंवा घरीच, खोटी नखं चालत नाहीत.

इंग्लिशची काळजी मी समजू शकते, पण ओआरचं इंग्लिश छोटं असतं. वाक्यं लागत नाहीत, शब्द लागतात, आणि ते मोठ्याने लागतात. मास्कमुळे ओठ दिसत नाहीत त्यामुळे इथे जन्मलेल्या लोकांनाही एकमेकांचं ऐकू येत नाही, म्हणून परत म्हणायची पद्धत लावून घ्या. त्याने टेन ब्लेड मागितलं, तुम्ही देताना "टेन ब्लेड" म्हणायचं. मोनोक्रिल धागा मागितला तर किती नंबरचा ते परत म्हणायचं. आपण हळू आवाजात बोलतो ही खरी अडचण आहे, ॲक्सेंट नाही. दुसरी गोष्ट म्हणजे एकाच वस्तूला प्रत्येक खोलीत वेगळं नाव, कुणी क्लॅम्प म्हणतो, कुणी स्नॅप, कुणी केली, कॉटरीला सगळे बोव्हीच म्हणतात, आणि काही सर्जन तर नावच घेत नाहीत, दोन बोटं कात्रीसारखी हलवतात. यासाठी खिशात छोटी वही ठेवा. प्रत्येक सर्जनचं एक पान, ग्लोव्हचा साइज, डावा की उजवा, कशाला काय म्हणतो, स्किनला कुठला धागा घेतो. प्रेफरन्स कार्ड कॉम्प्युटरवर असतं पण ते बऱ्याच वेळा जुनं असतं, तुमची वही जास्त खरी. पेशंटचं नाव, नंबर काही तिच्यात लिहायचं नाही.

घरचं. पहिली केस साडेसातला असते म्हणजे तुम्ही साडेसहाला आत हव्यात, म्हणजे पाच-सव्वापाचला घर सोडायचं. मुलीची सकाळची शाळेची तयारी दोन सेमिस्टर तुमच्याकडे नसणार, हे नवऱ्याशी आत्ताच बोलून ठरवा, "बघू तेव्हा" करू नका. आई-बाबा किंवा सासू-सासरे सहा महिने येणार असतील तर ते क्लिनिकलच्या सेमिस्टरला बोलवा, पहिल्या सेमिस्टरला नाही. क्लिनिकलचे पैसे मिळत नाहीत आणि गैरहजेरीचे नियम कडक असतात. फी खाजगी करिअर कॉलेजपेक्षा कम्युनिटी कॉलेजमध्ये खूपच कमी, आणि टेक्ससमध्ये तुम्ही कॉलेजच्या डिस्ट्रिक्टमध्ये राहत असाल तर आणखी कमी. एच-4 वाल्यांना वर्षभर इथे राहिल्यावर टेक्ससचे रेसिडेंट म्हणून फी लावून घेता येते, त्यासाठी कागद द्यावे लागतात. फेडरल फायनान्शियल एड मात्र एच-4 वर मिळत नाही.

पगाराबद्दल, कामगार खात्याच्या आकडेवारीप्रमाणे मे 2023 मध्ये देशभरातला मीडियन वर्षाला साधारण 60 हजार डॉलर होता, सुरुवात त्याच्या खालून होते आणि राज्याप्रमाणे बदलते. हॉस्पिटलमध्ये कॉल असतो, रात्री-वीकेंडला फोन आला की बहुतेक ठिकाणी अर्ध्या तासात पोचायचं, त्याचे वेगळे पैसे. सर्जरी सेंटरमध्ये सहसा कॉल नाही, वीकेंड मोकळा, लहान मुलं असलेल्या बायका तिकडे जातात. पण पहिली एक-दोन वर्षं मोठ्या हॉस्पिटलमध्ये काढा असं मी सांगेन, हात तिथेच बसतो.

नर्सिंगशी तुलना विचारलीत तर मोकळेपणाने सांगते. नर्सिंगला पुढे वाटा जास्त आहेत आणि पगारही जास्त. टेकचं पुढे फर्स्ट असिस्टंट होता येतं, हार्ट किंवा रोबोटिकमध्ये स्पेशलाइझ करता येतं, स्टराइल प्रोसेसिंग (इन्स्ट्रुमेंट्स निर्जंतुक करणं), इम्प्लांट कंपन्या, शिकवणं, पण त्याला मर्यादा आहे हे मान्य करूनच यावं. शिवाय तुमच्या बाबतीत व्हिसा. टेकच्या नोकरीला बॅचलर डिग्री लागत नाही त्यामुळे तिच्यावर स्वतःचा एच-1बी मिळण्याची अपेक्षा धरू नका, आणि ग्रीन कार्डसाठी नर्स आणि फिजिकल थेरपिस्टना शेड्यूल एची जी सवलत आहे ती आपल्याला नाही. म्हणजे तुमची नोकरी नवऱ्याच्या स्टेटसवर आणि ईएडी वेळेत रिन्यू होण्यावर राहणार. हे चालणार असेल आणि तुम्हाला ओआरच आवडत असेल, एका वेळी एकच पेशंट, हाताचं काम, केस संपली की ते काम संपलं, तर टेक करा. वॉर्डात पेशंटशी बोलणं, त्यांना बरं होताना बघणं हे हवं असेल तर नर्सिंग, कारण आमचा पेशंट झोपलेला असतो. ठरत नसेल तर ॲनाटॉमी आणि टर्मिनॉलॉजी आधी करून टाका, ते दोन्हीकडे लागतात. प्रोग्रॅम डायरेक्टरकडे एक दिवस ओआर बघायला मिळेल का तेही विचारा, काही ठिकाणी सोय होते.

सीएसटीच्या परीक्षेची धास्ती घेऊ नका. 175 प्रश्न, त्यातले 150 मोजतात, चार तास. मोठा भाग ऑपरेशनच्या आधी, चालू असताना आणि नंतर काय करायचं यावरचा, म्हणजे क्लिनिकल मनापासून केलं असेल तर अर्धा अभ्यास झालेला असतो. स्टरिलायझेशन आणि मायक्रोबायोलॉजीचे प्रश्न तुम्हाला फुकटचे मार्क, स्टीमच्या बायॉलॉजिकल टेस्टला कुठले स्पोअर्स वापरतात हे वर्गात इतरांना पाठ करावं लागतं, तुम्ही जिओबॅसिलस कधीकाळी प्लेटवर वाढवलाही असेल. कॉलेज संपल्या संपल्या बसा, सहा महिने थांबलात की विसरायला होतं. नंतर दर दोन वर्षांनी 30 क्रेडिट्स करून ते रिन्यू करायचं.

बहुतेक प्रोग्रॅम्स वर्षातून एकदाच मुलं घेतात आणि अर्जाची तारीख बरीच आधी असते, त्यामुळे या आठवड्यात तीन गोष्टी करा, डायरेक्टरची वेळ घ्या, मार्कशीट्स इव्हॅल्युएशनला पाठवा आणि हिपॅटायटिसचा टायटर करून घ्या. डायरेक्टर क्लिनिकल साइट्सबद्दल काय म्हणाला ते इथे लिहा, मग कुठलं कॉलेज घ्यायचं ते बघू.